नानांच्या लंगराचं मागचं फाटक

आमच्या घरात लोणच्याची बरणी उघडण्याआधी विचारावं लागतं. विचारलं नाही तर काय होतं, ते मी लग्न होऊन साताऱ्याला आले त्याच आठवड्यात शिकले. पाहुणे जेवायला बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "फळीवरची बरणी आण गं." मी आणली, चमचा घातला आणि एका पाहुण्याच्या ताटात वाढलं ते तेलात मुरलेलं धातूचं पिवळं कडं. पाहुणा सभ्य होता. त्यानं ते बोटानं भाताच्या कडेला सारलं. माझे सासरे मात्र आपल्या ताटावरून उठले, कडं उचललं, नाकाशी धरून वास घेतला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "अजून मुरलं न्हाई पोरी. ठेव परत."

ते कडं म्हणजे गाडीचा बुश. इंजिनात एक दांडी दुसऱ्या दांडीच्या भोकात फिरते, तिथं दोन्हीच्या मध्ये बसवायचं मऊ धातूचं कडं. तेलात मुरत ठेवलं की ते तेल पिऊन घेतं आणि पुढं वर्षानुवर्षं थोडं थोडं सोडत राहतं. हे सगळं मला त्या वेळी माहीत नव्हतं. मला एवढंच कळलं की या घरात आपल्याला जपून वाढावं लागणार आहे.

सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमची कॉलनी आहे आणि तिथं दर दुसऱ्या घरात एक पेन्शनीत आलेला फौजी आहे. साताऱ्यात फौजेतून आलेल्या कुणालाही 'मेजर' म्हणायची पद्धत आहे. माणूसही खूश होतो आणि आपलंही काही जात नाही. नानांना मात्र कुणी मेजर म्हटलं की ते भर रस्त्यात थांबून दुरुस्ती करतात. "मेजर न्हाई. हवालदार. कुक."

होय, नाना फौजेत स्वयंपाकी होते. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बर्फात, वाळवंटात आणि डाळ शिजता शिजत नाही अशा उंचीवर जवानांना जेवायला घातलं. इंजिनाचं काम ते तिथंच शिकले. कारण साधं होतं. लंगराची, म्हणजे फौजेतल्या स्वयंपाकघराची गाडी घाटात बंद पडली की वरची अख्खी तुकडी उपाशी. मेकॅनिकची वाट बघत बसण्यापेक्षा नानांनी बॉनेट उघडलं. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात चूल आणि इंजिन यांची जी गल्लत झाली ती आजतागायत सुटलेली नाही.

घरामागच्या पत्र्याच्या शेडला ते 'लंगर' म्हणतात. तिथं एका बाजूला चूल आणि पातेली, दुसऱ्या बाजूला पाने आणि हातोड्या आहेत, आणि मधली सीमारेषा सासूबाई सोडून कुणालाच दिसत नाही. इंजिनाच्या दोन भागांतली फट नाना कांद्याच्या पापुद्र्यानं मोजतात. "एक पापुद्रा चालंल, दोन झालं की खडखडंल." नट ते 'मंद आचेवर' आवळतात. जमलेल्या इंजिनाचा आवाज ऐकून म्हणतात, "आता कसं, रटरटतंय." घरात परात दिसेना झाली की ती गाडीखाली सापडते, गळणाऱ्या ऑइलसह. सासूबाई म्हणतात, "माझ्या रुखवताची परात हाय ती!" नाना म्हणतात, "म्हणून तर टिकली."

आणि जेवण. चार माणसांचा स्वयंपाक नानांना येत नाही. हात सैल करून डाळ टाकली की ती फौजेतल्या अख्ख्या कंपनीच्या हिशेबानंच पडते, मग संध्याकाळी आमच्या गल्लीत घरोघरी एकच आमटी असते. दारात कुणी आलं तर 'या, बसा' म्हणायची त्यांना सवय नाही. ते म्हणतात, "हात धुवा." पोस्टमन असो, वर्गणीवाले असोत, पत्ता चुकलेला माणूस असो, हात धुवा. वीजमीटर बघायला येणारा गृहस्थ तर अख्खी कॉलनी उरकून आमचं मीटर शेवटी बघतो, बरोबर जेवायच्या वेळेला. समोरच्या माणसानं पहिला घास घेतला की नाना विचारतात, "मीठ?" एवढा एकच शब्द. बरोबर आहे असं ऐकल्याशिवाय ते जागचे हलत नाहीत.

अशा माणसाच्या नशिबी व्याही आले ते माझे वडील.

माझं माहेर कवठे महांकाळच्या बाजूचं. दादांची तिथं कोरडवाहू शेती आहे आणि सरकारी लिलावात घेतलेली एक जुनी जीप. दादा बोलायला कंजूष. पण आमच्या वाडीतल्या कितीतरी जणी त्याच जीपमधून बाळंतपणाला दवाखान्यात गेल्या, आणि मी त्याच जीपच्या मागच्या फळीवर बसून कॉलेजला गेले. कुणी उपकार मानायला लागलं तर दादा म्हणायचे, "गाडीला सांगा."

दादा रीतीचे पक्के. आमच्याकडं रीत आहे की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. बऱ्याच जणींच्या बाबतीत हा वर्षा-दोन वर्षांचा प्रश्न असतो. माझ्या लग्नाला पुष्कळ वर्षं झाली, दवाखाने झाले, नवससुद्धा झाले, आणि मूल होणार नाही हे आम्हा दोघांना कळून चुकलं. रीतीत त्याची काही सोय नव्हती.

दादा साताऱ्याला यायचे. ओट्यावर बसायचे, स्वतःच्या पिशवीतली पाण्याची बाटली काढून घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "जेवूनच आलोय." नाना ताट घेऊन उभे.

"पाव्हणं, जेवू नका. नुसती चव बघा."

"चव बी तोंडानंच बघत्यात, पाव्हणं."

नाना ताट परत न्यायचे. त्या दिवशी ते स्वतःही जेवायचे नाहीत. पित्त झालंय म्हणायचे. दादा आले की नेमकं पित्त कसं होतं, हे सासूबाईंना कळायचं आणि मलाही कळायचं. आम्ही दोघी त्यांचं ताट झाकून ठेवायचो.

मूल नसण्याबद्दल त्या घरात मला कधी कुणी एका शब्दानं विचारलं नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण ते किती दुर्मीळ आहे हे ज्यांना विचारलं जातं त्यांना माहीत आहे. एकदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कॉलनीतल्या एका बाईंनी मला सगळ्यांदेखत विचारलं, "काय मग, गोड बातमी कधी?" मी काही म्हणायच्या आत खिडकीबाहेरून नानांचा आवाज आला. "गोड पाहिजे व्हय? थांबा." आणि ते डिश भरून शिरा घेऊन आत आले. बाईंनी तो संपवेपर्यंत समोर उभे राहिले आणि मग दुसरी डिश आणली. त्या बाईंनी त्यानंतर आमच्या घरात कुठल्याच गोडाचं नाव काढलेलं नाही.

मग दादांची जीप बिघडली. जुना गिअरबॉक्स संपला होता, म्हणून तिकडच्या एका मेकॅनिकनं नव्या बनावटीच्या जीपचा गिअरबॉक्स आणून जुन्या इंजिनाला जोडला. बोल्ट बसले, गाडी चालू झाली, मेकॅनिकनं गळ्यात हार घालून घेतला आणि गेला. पण गिअर टाकताना जीप अशी किंचाळायची की रस्त्यावरच्या म्हशी बांधावर चढायच्या. थोड्याच दिवसांत ती पुरती बसली. दादांनी ती लिंबाखाली लावली आणि स्वतः ओट्यावर बसले. गुडघ्यांमुळं एस.टी. त्यांना झेपत नव्हती, आणि दुसऱ्याच्या गाडीत बसायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. साताऱ्याला यायचे बंद झाले. बाजाराला जायचे बंद झाले. जीपमध्ये कोंबड्या अंडी घालायला लागल्या.

एक दिवस आईचा फोन आला. "भंगारवाला बघून गेलाय. बाजारादिवशी नेणार हाय. आन् ह्यास्नी काय बोलावं तर तोंडच फिरवत्यात. दोन दोन दिवस शब्द काढत न्हाईत गं." फोन ठेवून मी भाजी चिरायला घेतली, पण पुढची भाजी दिसेना. गाडी गेली की दादा ओट्यावरून पुन्हा उठणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. नाना दारात कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "भंगार कोण म्हणतंय?" एवढं म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे घरात नाना नव्हते आणि प्रवासाचा डबाही नव्हता. तिसऱ्या दिवशी द्राक्षं भरून निघालेल्या एका ट्रकच्या मागं बांधलेली दादांची जीप आमच्या कॉलनीत आली, तिच्या स्टिअरिंगवर नाना आणि मागच्या फळीवर एक कोंबडी. ती चुकून आली होती. तिलाही आधी दाणे मिळाले.

पण जीप आत घ्यायच्या आधी नानांनी शेडमागची कंपाउंडची भिंत फोडायला घेतली.

"आवं, पुढचं फाटक काय अरुंद हाय व्हय?" सासूबाई ओरडल्या. "ट्रॅक्टर जाईल त्यातनं!"

"गाडीला वळण मिळत न्हाई."

"पाळण्याएवढी ती गाडी, तिला कसलं वळण?"

नानांनी पुढचा घाव घातला. भिंत पडली, तिथं लोखंडी फाटक बसलं, त्याला हिरवा रंग लागला. फाटकातून थेट लंगरात. आमच्या अंगणाचा संबंध नाही. नानांनी घर आणि शेड यांच्या मधल्या बोळातही गुडघ्याएवढी विटांची भिंत घातली, उंदीर येतात म्हणून. गुडघ्याएवढ्या भिंतीला कुठला उंदीर जुमानतो, असं माझा नवरा पुटपुटला. आम्ही सगळे हसलो. नानांच्या अनेक गोष्टींना आम्ही असे हसलेलो आहोत.

गिअरबॉक्स उतरवल्यावर नानांनी मला हाक मारली. मी बँकेत कामावर जायच्या घाईत होते, तरी गेले.

"हे बघ. इंजिनाच्या क्रँकला, ह्या मोठ्या दांडीला, मागनं हे भोक हाय. गिअरबॉक्सच्या दांडीचं नाक ह्यात टेकतंय. इंजिन जुनं, त्याचं भोक मोठं. गिअरबॉक्स नवा, त्याचं नाक बारीक. मेकॅनिकनं जुना झिजका बुश तसाच ठेवला, मग नाक आत लटलट हालणारच."

"म्हणजे चूक कुणाची? इंजिनाची का गिअरबॉक्सची?"

"कुणाचीच न्हाई. दोन्ही चांगली हायत. मधी बुश बराबर पाहिजे." मग हात पुसत म्हणाले, "बुश मऊ असतो पोरी. झिजायचं ते त्यानं झिजायचं, म्हंजी दांड्या टिकत्यात."

जुना बुश भोकात घट्ट रुतलेला होता, धरायला जागा नाही. नाना स्वयंपाकघरात आले आणि सासूबाईंनी चपात्यांसाठी मळलेली कणीक उचलून घेऊन गेले. भोकात कणकेचा गोळा ठासला, त्यात बरोबर बसेल अशी लोखंडी कांब घातली आणि हातोडी मारली. कणीक दबून बुशाच्या मागं गेली, जायला दुसरी वाट नाही म्हणून तिनं बुशालाच पुढं ढकललं. पुन्हा कणीक, पुन्हा हातोडी. शेवटी बुश टपकन बाहेर पडला आणि मागोमाग कणीक, काळीकुट्ट. सासूबाई परात घेऊन दारात उभ्या होत्या. त्या दिवशी घरात सगळे भात जेवले.

नवा बुश नानांनी टर्नरकडं स्वतः उभं राहून करवून घेतला. बाहेरून जुन्या भोकाच्या मापाचा, आतून नव्या नाकाच्या मापाचा. नाकावर चढवून बघितला तर पापुद्र्याएवढी फट, अगदी हवी तशी. मग तो लोणच्याच्या बरणीत मुरला. मग फ्रिजरमध्ये मटारशेजारी गेला, कारण थंडीनं धातू किंचित आक्रसतो आणि भोकात सरकतो. नाना मटाराची पिशवी बाजूला करून त्याला रोज बघून यायचे. बुश बसला. नानांनी शेजारच्या दोन मेजरांना बोलावून शिरा वाढला. आणि मग गिअरबॉक्स चढवायला गेले तर नाक आत जाईना.

तासभर नाना जमिनीवर बसून राहिले. चेहरा असा, की मी चहा नेऊन ठेवला आणि विचारलंच नाही. मग स्वतःच म्हणाले, "घट्ट भोकात आवळल्यावर बुश आतनं बारीक होतोय. रस्सा आटला की मीठ वर येतंय, तसं. आधीच कमी घालायचं असतंय. आयुष्यभर मीठ घातलं आन् हितं चुकलो." मग सासूबाईंकडं बघून, जरा खालच्या आवाजात: "कणीक हाय का?"

दुसऱ्या खेपेला नानांनी आतून जरा सैल बुश करवला. गिअरबॉक्स हातानं ढकलल्याबरोबर आत गेला, आवाजसुद्धा झाला नाही. नानांनी यावेळी कुणाला बोलावलं नाही. जीपच्या टपावर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि मग मला म्हणाले, "तुझ्या दादास्नी फोन लाव. सांग, गाडी न्यायला सोता यावं लागंल. दुसऱ्या कुणाच्या हातात मी किल्ली देणार न्हाई."

दादा आले. गुडघे चोळत एस.टी.नं आले. नाना त्यांना आणायला स्टँडवर गेले होते, आणि नुसते स्टँडवर नाही, तर एस.टी.च्या दाराशी उभे होते. दादांचा पाय खाली पडायच्या आत त्यांची पिशवी नानांच्या हातात होती. रिक्षा पुढच्या दाराला आलीच नाही. मागच्या गल्लीतून हिरव्या फाटकाशी थांबली, आणि दादा तिथून थेट लंगरात उतरले.

मी बोळातल्या विटांच्या भिंतीपाशी उभी होते. दादा वाळले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि जीपकडं गेले. किल्ली फिरवली. पहिला गिअर टाकला. काही झालं नाही, म्हणजे काही ऐकू आलं नाही. दुसरा टाकला. दादांनी मान वाकडी करून कान दिला. मग फाटकातून जीप बाहेर काढली, कॉलनीला वळसा घातला, पुन्हा एक घातला, आणि तिसऱ्या वळशाला त्यांनी हॉर्न वाजवला. माझ्या लहानपणी शाळेच्या दाराशी वाजवायचे, तसाच.

खाली उतरून त्यांनी इंजिनात हात घालून बघितलं. हात काळे झाले.

"हात धुवा, पाव्हणं," नाना म्हणाले.

दादांनी हात धुतले. वळून बघतात तर घोंगडी अंथरलेली, ताट वाढलेलं. चुलीवर आमटी रटरटत होती, टोपलीत ज्वारीच्या भाकऱ्या होत्या, खर्डा होता. दादा मागं सरकले.

"रीत हाय, पाव्हणं. तुमाला ठावं हाय."

"रीत मोडा आसं कोण म्हणतंय? लेकीच्या घरचं खायचं न्हाई, ही रीत. मग नका खाऊ. लेकीचं घर त्या भिंतीच्या पल्याड हाय." नानांनी बोळातल्या गुडघ्याएवढ्या भिंतीकडं बोट केलं. "तुमी आज तिचा उंबरा वलांडला न्हाई. तिच्या अंगणात पाय ठिवला न्हाई. दुसऱ्या फाटकानं आलाय. हा लंगर हाय. लंगर कुणाच्या लेकीचा नसतोय आन् कुणाच्या बापाचा बी नसतोय. जो येईल तो खातोय."

फाटक, भिंत, उंदीर, सगळं मला एकदमच कळलं. मी सासूबाईंकडं बघितलं. त्यांनाही तेव्हाच कळलं असावं, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

दादा अजून उभेच होते. नानांचा आवाज उतरला. "लय वर्सांमागं म्या तुमास्नी स्टँडापाशी बघितलं. गाडी लावून, नळाजवळच्या बाकड्यावर बसून भडंग खात हुता. वर नळाचं पाणी. मग माझ्या दारात येऊन म्हणालात, जेवूनच आलोय. पाव्हणं, म्या फौजेत कुणाला उपाशी झोपू दिलं न्हाई. आन् माझ्या सुनेचा बाप माझ्याच गावात भडंगावर. त्या दिसापासनं माझा घास नीट उतरला न्हाई बगा."

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं दादा जेवून येतात असं मी धरून चालले होते, आणि माझ्या सासऱ्यांना माहीत होतं की ते उपाशी येतात.

दादा खाली बसले. गुडघ्यांवर हात टेकत, सावकाश. भाकरी मोडली, आमटीत बुडवली, घास घेतला. नाना समोर उभे. नेहमीचा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसला, पण त्यांच्यानं तो विचारवेना. दादांनी दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग वर न बघता म्हणाले, "मीठ बराबर हाय."

नाना झटकन वळले आणि आधीच लख्ख असलेला एक पाना फडक्यानं पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. नानांना मी शिरा देताना, भांडताना, हरताना बघितलं होतं. असं पाठ करून उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं. देवानं मला काही दिलं नाही असं मी पुष्कळदा म्हटलंय. त्या दिवसानंतर म्हणत नाही.

खर्डा तिखट होता. दादांना ठसका लागला. त्यांचा हात सवयीनं पिशवीतल्या बाटलीकडं गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"पोरी, पाणी दे गं."

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मी भिंत ओलांडून स्वयंपाकघराकडं धावणार, तोच नानांनी पाठमोऱ्यानंच हात आडवा केला.

"घरातलं नको. चुलीमागं बघ."

चुलीमागं तिवईवर नवा माठ होता. ओल्या फडक्यानं गुंडाळलेला, वर झाकण, झाकणावर घासलेला तांब्या. पाणी गार होतं, म्हणजे माठ आजचा भरलेला नव्हता. मी तांब्या भरून दादांच्या हातात दिला. त्यांनी तो एका दमात संपवला, मिशा पुसल्या, आणि पुन्हा माझ्यापुढं धरला.